पडताना कोण कसं पडतं

जुन्या घरमालकांची आठवण निघाली की लोकांचा आवाज मऊ होतो. माझा होत नाही. रायपूरचे माझे घरमालक आठवले की अजूनही माझी कानशिलं तापतात. माझ्या डोक्यात आता काळ्यापेक्षा पांढरे केस जास्त आहेत, तरी हा राग काही उतरलेला नाही. मी त्यांना काका म्हणत होते. बाकी अख्खी समता कॉलोनी त्यांना 'सिग्नलवाले साहब' म्हणायची. रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्यांनी सगळी नोकरी काढली होती आणि निवृत्त झाल्यावरही ते खातं त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं.

राज्य तेव्हा नवीन होतं. रायपूरला राजधानी होऊन फार दिवस झाले नव्हते. चांगल्या चांगल्या बंगल्यांच्या कचेऱ्या झाल्या होत्या, आमच्या गल्लीतल्या चहाच्या टपरीनंसुद्धा आपलं नाव 'राजधानी' ठेवलं होतं, आणि एकट्या मुलीला खोली मिळणं कठीण झालं होतं. मी गोंदियाहून आले होते. कॉलोनीतल्याच एका दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी मिळाली होती. खोली पाहायला गेले, तेव्हा काकांनी मला जात विचारली नाही, मच्छी-मटण खाते का ते विचारलं नाही, लग्न कधी करणार तेही नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "तुझ्या दवाखान्यात कॉम्प्युटर आहे काय?"

"आहे."

"तिकिटाचा का विनातिकीट?"

मला वाटलं, म्हातारा सरकला आहे. स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "अवो, तिले आधी पाणी तं पिऊ द्या." पण काकांना उत्तर हवं होतं. त्यांचं म्हणणं असं, की कॉम्प्युटर म्हणजे नुसती पेटी. ती चालते आतल्या सिस्टिमवर. आणि या शहरात नव्वद टक्के लोक दुकानदाराकडून चोरीची सीडी टाकून घेतात, एक पैसा देत नाहीत आणि छाती काढून फिरतात. हा विनातिकीट प्रवास झाला. ज्या माणसानं जन्मभर रेल्वेची भाकरी खाल्ली, त्याच्या घरात विनातिकीट काही चालणार नाही, आणि विनातिकीट सिस्टिमवर काम करणाऱ्या भाडेकरूनं निदान मान खाली घालून जिना चढावा.

मी मान खाली घालून जिना चढले. दुसरी खोली मिळणार नव्हती.

त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर बैठकीत खिडकीजवळ होता. दुकानदारानं तो जोडून देताना त्यात सगळ्यांच्या घरी असते ती सिस्टिम टाकून दिली होती. काकांनी त्याला समोर बसवून ती पुसायला लावली. तो बिचारा म्हणत होता, "अंकल, सब यही डलवाते हैं, फ्री में दे रहा हूँ." काका म्हणाले, "फ्री का देता है, तो बिल में लिख के दे." दुकानदारानं हात जोडले. मग काकांनी तीच सिस्टिम नागपूरहून अस्सल, डब्यातली, पावतीसकट मागवली. तो डबा शोकेसमध्ये काकूंच्या चिनी मातीच्या बदकांशेजारी ठेवलेला असायचा.

पण एका सिस्टिमवर भागेल तर ते काका कसले. एका मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीवरून त्यांनी दुसरी सिस्टिम टाकली. ही जगातल्या कुठल्या कुठल्या लोकांनी मिळून बनवलेली, कुणीही वापरा, कुणालाही द्या. मी एकदा चुकून म्हणाले, "म्हणजे हीपण फुकटच ना काका?" ते खुर्चीतून उठले. "फुकट नाही. हा पास आहे. रेल्वेवाल्याचा पास आणि विनातिकीट यात फरक तुले समजत नसंल तं तू रक्त कसं ओळखून राहिली?" तिसरी होती नुसत्या अक्षरांची. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चित्र नाही, बाण नाही, हुकूम टाइप करायचा आणि वाट पाहायची. कंपन्यांची नावं काका तोंडातून काढत नसत. त्यांची जाहिरात मी कशाला करू, असं त्यांचं म्हणणं. डब्यातली ती 'मेल', मासिकातली ती 'पॅसेंजर', आणि अक्षरांची ती 'ट्रॉली', म्हणजे रुळांवरून ढकलत नेतात ती तपासणीची हातगाडी. कॉम्प्युटर सुरू केला की आधी तीन नावांची यादी यायची आणि काका त्यातून, मुहूर्त पाहावा तसे, एक नाव निवडायचे.

या तिघींची तुलना हे त्यांचं निवृत्तीनंतरचं काम होतं. आता कुणीही शहाणा माणूस काय पाहील? कोण लवकर सुरू होते, कोणावर काम सोपं जातं, कोणात गाणी वाजतात. काका असलं काही पाहतच नसत. ते म्हणायचे, "चालताना सगळेच गुणाचे. पडताना कोण कसं पडते, ते पाह्य."

हे त्यांचं सिग्नल खात्यातलं शहाणपण होतं. सिग्नलची तार तुटली, बत्ती गेली, काहीही बिघडलं, तरी सिग्नल आपोआप लाल व्हायला हवा. गाडी उभी राहील, लोक शिव्या देतील, पण मरणार नाहीत. बिघडूनही जो हिरवा राहतो तो सिग्नल खुनी. कॉम्प्युटरलाही त्यांनी हाच कायदा लावला.

परीक्षा अशी असायची. काका एका सिस्टिमवर बसून रजेचा अर्ज टाइप करू लागायचे. प्रत्येक वेळी तोच अर्ज, दोन दिवसांच्या किरकोळ रजेचा, मुलीच्या बाळंतपणासाठी. मुलीचं बाळ तोवर शाळेत जाऊ लागलं होतं. सातवी-आठवी ओळ आली की ते हात वर करायचे, आणि मेन स्विचपाशी उभ्या असलेल्या काकू विचारायच्या, "ओढू?" काका म्हणायचे, "ओढ." आणि अख्खं घर बंद! काकूंची मालिका बंद, फ्रिज बंद, आणि वर माझा पंखा बंद. रायपूरच्या मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, रविवारी, ज्या एका दिवशी मला झोपायला मिळायचं त्या दिवशी. मी जिन्यात येऊन ओरडायची, "काका, हे काय चाललंय?" खालून शांतपणे उत्तर यायचं, "मेल पडून राहिली. दोन मिनिटं."

मला आजही वाटतं, की भाडं घेऊन माणसाला उकडत ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

मग स्विच वर. मेल लगबगीनं सुरू व्हायची, छान सूर काढायची, रंगीत चित्र दाखवायची, जणू काही झालंच नाही. अर्ज उघडला तर कधी सगळा असायचा, कधी अर्धा, आणि कधी मागच्या रविवारचा. पण ती तोंडानं काही सांगायची नाही. पॅसेंजर मात्र कुरकुरत उठायची. पानभर अक्षरं, हे तपासते, ते तपासते, इथे खराब आहे, तिथे दुरुस्त केलं. पंधरा मिनिटं जायची, आणि शेवटी सरळ सांगायची, की इतकं वाचलं, इतकं गेलं. ट्रॉली काही वाचवायची नाही, पण वाचवीन असं तिनं कधी म्हटलंही नव्हतं. काका सगळं वहीत लिहायचे. न्यायानं लिहायचे, हे मी कबूल करते. पॅसेंजरवर मराठी अक्षरांच्या वेलांट्या आणि काने सुटे सुटे पडायचे, आवाजाचा तर पत्ताच नव्हता, आणि प्रिंटरला ती अकरा दिवस ओळखच देत नव्हती. हेही त्याच वहीत होतं. त्या अकरा दिवसांत काकांनी दाढी केली नाही. काकू मला म्हणाल्या, "माह्या बाळंतपणातही हे इतके जागले नव्हते."

त्यांची ही कीर्ती एकदा एका नव्या सरकारी कचेरीपर्यंत गेली. तिथे कुणा जुन्या सहकाऱ्याचा जावई साहेब होता. नवे कॉम्प्युटर आले होते, उद्घाटन व्हायचं होतं, तेव्हा म्हणे जाणत्या माणसाची नजर फिरू द्या. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, गेले, सगळ्या मशीन चालू करायला लावल्या, सगळ्यांना टाइप करायला बसवलं आणि व्हरांड्यात जाऊन मजल्याचा मेन स्विच ओढला. वरच्या मजल्यावर कुणा मोठ्या माणसाची बैठक चालू होती आणि तारा तिथेही याच स्विचवरून गेल्या होत्या. काकांना हात धरून खाली आणलं गेलं. ते घरी आले तेव्हा रागावलेले नव्हते, खंतावले होते. "एकानंही विचारलं नाही का किती वाचलं म्हणून," ते म्हणाले. "सगळे म्हणे, लाइट काहून गेली."

कॉलोनीत अशी कुजबुज होती, की काकांच्या हातून नोकरीत एखादा मोठा अपघात झाला असावा, त्यानं डोक्यावर परिणाम झाला. मी धीर करून विचारलंच एकदा. ते म्हणाले, "काहीच नाही झालं. छत्तीस वर्षं काहीच नाही झालं. नोकरी केली म्हणतात ते यालेच ना?"

असा माणूस एकदा आमच्या दवाखान्यात साखर तपासायला आला आणि माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर पाहून तिथेच थांबला. तो अर्थातच विनातिकीट होता. डॉक्टर बाहेर आले तेव्हा काकांनी त्यांना विचारलं, की बत्ती गेली तर हा काय करतो. बॅटरी होती, पण ती महिनाभरापूर्वीच मेली होती. डॉक्टर हसले. "अंकल, चल तो रहा है ना?"

"चल रहा है, वही तो डर है," काका म्हणाले.

घरी येऊन त्यांनी मला बजावलं. रक्ताचा निकाल आधी वहीत शाईनं लिहायचा, मग त्या मशीनला सांगायचा, आणि छापून आल्यावर वहीशी ताडून पाहायचा. मी आठ दिवस ते केलं. पण सकाळी चाळीस-चाळीस माणसं रांगेत असायची, आणि डॉक्टर म्हणायचे, एकच गोष्ट दोनदा का लिहितेस. नवव्या दिवशी मी वही कपाटात ठेवून दिली. तपासताना चिठोऱ्यावर निकाल लिहायची, तो बघून टाइप करायची, आणि चिठोरा तारेला टोचून द्यायची.

आता ती मुलगी. जुन्या वस्तीतल्या एका पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, होती, बावीस-तेवीस वर्षांची, एका शाळेत छोट्या मुलांना शिकवणारी. एकटीच आली होती. तिचा भाऊ लहानपणी सिकलिंगनं गेला होता. आमच्या भागात हा रक्ताचा आजार घरोघरी ऐकू येतो. तो आईबापांकडून येतो. एकाच्या रक्तात असला तर काही त्रास नाही, पण नवराबायको दोघांच्या रक्तात असला तर मुलं आजारी निघू शकतात. तिचं लग्न ठरलं होतं. कुणी मागितली नव्हती, तिची तिलाच तपासणी करून घ्यायची होती. "मेरे को पता तो रहे, दीदी," ती म्हणाली. मला ती फार आवडली.

तिचा अहवाल टाइप करत असतानाच वीज गेली. आमच्याकडे अहवाल करायची रीत सगळ्या लहान दवाखान्यांची असते तीच होती. आधीच्या रोग्याचा कागद उघडायचा, त्यावर नवं नाव टाकायचं, नवा निकाल टाकायचा, छापायचा. मी नाव टाकलं होतं, निकालही टाकला होता. वीज आली, मशीन नेहमीसारखी सूर काढत उठली आणि कागद जागच्या जागी दिसला. वर तिचं नाव होतं. मी छापला आणि दिला. त्यावर लिहिलं होतं, निगेटिव्ह. चार दिवसांनी ती पेढे आणि लग्नाचं कार्ड घेऊन आली आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, "दीदी, आपको आना ही है." सोनेरी अक्षरांत खाली नवऱ्यामुलाच्या ताऊजींच्या, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या, कापडदुकानाचं नाव होतं, सदर बाजार, फोन नंबरासकट.

त्याच दुपारी काका आले. त्यांनी पेढा खाल्ला नाही, साखरेमुळे. मी सहज बोलता बोलता म्हणाले, की हिचा अहवाल करतानाच नेमकी बत्ती गेली होती. काका उभेच राहिले. "काय टाइप करून राहिली होती तू तेव्हा? नाव का निकाल?"

"दोन्ही झालं होतं."

"वही आण."

वहीत तिची नोंदच नव्हती. मी तारेवरचे चिठोरे उपसले. तिचा चिठोरा सापडला, माझ्याच अक्षरातला. त्यावर पॉझिटिव्ह होतं. तिच्या रक्तात सिकलिंग होतं. वीज गेली तेव्हा मशीननं तिचं नाव वाचवलं होतं आणि निकाल आधीच्या रोग्याचा ठेवला होता. मी ताडून पाहिलं नव्हतं.

मी डॉक्टरांकडे धावले. ते शांतपणे म्हणाले, "रहने दो. अकेली को है तो कुछ नहीं होता."

"और लड़के को भी हुआ तो?"

"हर घर में हम नहीं जा सकते. दवाखाने का नाम खराब होगा. तुम गई, तो फिर यहाँ मत आना."

खरं लिहायचं ठरवलं आहे तर हेही लिहिते: मी गेले नाही. त्या दिवशी नाही. घरी येऊन रडले, नोकरी गेली तर परत गोंदियाला जाऊन वडिलांना काय सांगू याचा विचार करत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरले तर काका स्कूटर काढून उभे होते. "बस," ते म्हणाले. मी बसले. वाटेत मला त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांच्या खांद्याला धरलंसुद्धा नाही.

तिच्या अंगणात लग्नाच्या वड्या वाळत घातल्या होत्या. काका फाटकाशी स्कूटर धरून थांबले. मी तिला आडोशाला नेऊन सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. तिनं विचारलं, "मेरे को कुछ होगा?" मी म्हणाले, नाही. पुन्हा एकदा रक्त देऊन खात्री करून घे आणि मुलालाही एकदा तपासायला सांग. त्याच्यात नसेल तर बिनधास्त लग्न कर. तिनं वाळत घातलेली एक वडी उलटून ठेवली. मग तिच्या छत्तीसगढीत होकार देत म्हणाली, "हव. मैं बोलूँगी उनको. समझदार हैं, करा लेंगे जाँच. पर मैं ही बोलूँगी, दीदी. दो दिन दो मेरे को. उनके ताऊजी को मत पता चले, बस."

मी तिला शब्द दिला.

घरी आल्यावर हे सगळं मी काकांना सांगितलं. मला वाटलं, संपलं. काका येरझाऱ्या घालू लागले. "दोन दिवस? आणि नाही बोलली तं? पुढच्या स्टेशनानं लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडत नसतात. दोन्ही स्टेशनाले मालूम पायजे, अन् दोघायनं कबूल करा लागते."

"काका, ती माणसं आहेत. स्टेशन नाहीत."

"म्हणूनच तं जास्त सांभाळा लागते." ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "त्यायचा नंबर आहे काय तुझ्याजवळ?"

कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. मी नाही म्हणू शकले असते. मी कार्ड काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. का दिलं? घाबरले होते, थकले होते, आणि मनातून मला हे प्रकरण एकदाचं कुणीतरी माझ्या अंगावरून उतरवून न्यावं असं वाटत होतं. मी त्या मुलीला दिलेला शब्द तासाभरापूर्वीचा होता.

काकांनी माझ्यादेखत फोन लावला. पलीकडे ताऊजीच होते. काकांनी स्टेशनमास्तरला निरोप द्यावा तसा निरोप दिला, स्वच्छ आवाजात, न अडखळता. मुलीचं नाव, तपासणीचं नाव, जुना निकाल चूक, नवा निकाल अमुक, मुलाची तपासणी करावी, काही घाबरण्यासारखं नाही. मग पुन्हा एकदा सगळं म्हणून दाखवलं. मग विचारलं, "आपका शुभ नाम?" आणि नाव, वेळ, सगळं लिहून घेतलं. फोन ठेवून ते समाधानानं म्हणाले, "झालं."

झालं खरंच. संध्याकाळपर्यंत लग्न मोडलं. मुलाची तपासणी वगैरे काही नाही. ताऊजींनी मुलीच्या वडिलांना निरोप धाडला, की ज्या घरात असलं रक्त आहे त्या घरची मुलगी आम्हाला नको, आणि हे तुम्ही लपवून ठेवत होतात. ज्यांच्या घरात कुणीही एक थेंब रक्त तपासायला दिलं नव्हतं, त्या लोकांनी हे म्हटलं! मी ऐकलं तेव्हा मला त्या कापडदुकानाच्या पायऱ्या चढून प्रत्येक तागा रस्त्यावर फेकावासा वाटला. पण त्याहून जास्त राग मला काकांचा आला. मी खाली जाऊन त्यांना वाट्टेल ते बोलले. काकू पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. काका म्हणाले, "मी तं खरंच सांगितलं."

"खरं तुमचं नव्हतं सांगायला!"

मला वाटतं, हे त्यांच्या नियमांत कुठेच नव्हतं, की खरंसुद्धा कुणाच्या तरी मालकीचं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुलगी स्वतःच आली. मी नेमकी खालीच होते. काका कॉम्प्युटरसमोर बसले होते, पण पडदा काळा होता. काकूंनी तिला बस म्हटलं, ती बसली नाही.

"मैंने दो दिन माँगे थे, बाबूजी," ती म्हणाली. "बस दो दिन. उन्होंने हाँ बोल दिया था मेरे को. कल शाम को जाँच कराने वाले थे. ताऊजी ने दुकान से निकलने नहीं दिया."

काका म्हणाले, "बेटी, दोनों तरफ मालूम होना चाहिए था."

"मालूम होता. मेरे मुँह से होता." ती म्हणाली. "खून मेरा था. शादी मेरी थी. आप कौन थे?"

काकांनी चष्मा काढला. नसलेलं उत्तर बनवून देण्याची त्यांना सवय नव्हती. मी भिंतीला टेकून उभी होते. मग ती वळली आणि एकेका शब्दावर थांबत म्हणाली, "एक बात बताओ. उनके दुकान का नंबर आपको किसने दिया?"

ती विचारत त्यांना होती, पण बघत माझ्याकडे होती. तिनं स्वतःच्या हातानं ते कार्ड मला दिलं होतं. मला बोलायचं होतं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

"किसी ने नहीं," काका म्हणाले. "तेरी दीदी ने दुकान का नाम लिया था बातों में. नंबर मैंने डायरेक्टरी में ढूँढ लिया. इसने तो मना किया था मुझे. बहुत मना किया."

तिनं श्वास सोडला. माझ्याकडे पाहून मान हलवली, जणू माझीच माफी मागते आहे. मग काकांकडे न बघता फाटकाबाहेर निघून गेली.

काकू आत गेल्या. शेवटी मीच विचारलं, "काका, तुम्ही खोटं का बोललात?" त्यांनी चष्मा चढवला, यंत्र चालू करायला हात पुढे केला आणि तो तसाच मागे घेतला. म्हणाले, "तिले अजून रक्त तपासाले द्या लागंल कुठं ना कुठं. पुढं लग्न ठरंल, तवा लागंल. माह्यापाशी थोडी येणार हाये ते."

डॉक्टर आठवडाभर माझ्यावर ओरडले आणि मग गप्प झाले, कारण नव्या राजधानीत दवाखाने रोज उघडत होते आणि रक्त तपासणारं माणूस मिळत नव्हतं. ती मुलगी आली. पुन्हा तपासणी करायला आली, मग ताप आला की आली, पुढे धाकट्या बहिणीला घेऊन आली, आणि तीन वर्षांनी, दुसरीकडे लग्न ठरल्यावर, नवऱ्यामुलाला हाताला धरून घेऊन आली. त्याच्या रक्तात काही नव्हतं. दर वेळी ती त्याच स्टुलावर बसायची, बाही वर करायची, आणि मी शीर शोधत असताना काकांना शिव्या घालायची. बुढ्ढ्यानं माझं वाटोळं केलं म्हणायची, असल्या माणसाच्या घरी तुम्ही राहता तरी कशा म्हणायची. "आप नहीं होतीं तो मैं इस गली में पाँव नहीं रखती, दीदी," असं म्हणायची.

मी तिच्या दंडाला पट्टा बांधायची, सुई टोचायची, आणि म्हणायची, "हव."